सपाटीवरचं चालणं

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, गुडघ्याच्या वाटीवर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "टेकडी बंद. सपाटीवर चाला." तळलेलं बंद, लोणचं बंद म्हणावं तितक्या सहज. पुण्यातल्या माणसाला टेकडी बंद म्हणजे काय हे त्यांना कळलं नसावं. मागाहून समजलं, ते वाकडला राहतात.

आमच्याकडे "मी रोज टेकडीवर जाते" हे वाक्य नुसतं व्यायामाचं नसतं. त्यात पहाटेचं उठणं येतं, वर भेटणारी ठरलेली माणसं येतात, उतरल्यावरचा चहा येतो, आणि न जाणाऱ्यांविषयी जराशी कीवही येते. ती कीव मी तीसेक वर्षं मनसोक्त केली. लग्न होऊन गोखलेनगरला आले तेव्हा दाराबाहेर पडलं की दहा मिनिटांत पायाखाली वेताळ टेकडीचा मुरूम लागायचा. सासूबाई रोज पहाटे पाचला वर जायच्या, साडीचा ओचा खोचून, पायात कॅनव्हासचे बूट. नवी सून म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांच्या मागोमाग गेले ती जातच राहिले. पुढे आम्ही म्हात्रे पुलाजवळ फ्लॅट घेतला, सासूबाई गेल्या, माझी बँकेतली नोकरी संपली, तरी टेकडी सुटली नव्हती. ती सुटली २०२३च्या डिसेंबरात, त्या पेनाच्या टोकाखाली.

"सपाटीवर म्हणजे कुठे?" मी घरी येऊन विचारलं.

"नदी आहे की," नवरा म्हणाला. पेपरातून मान वर न काढता.

नदी आहे हे खरं. घरापासून पाच मिनिटांवर आहे. पण तिथं राहायला आल्यापासून मी नदीवर गेले असेन ती गणपतीच्या विसर्जनाला, आणि पावसाळ्यात पाणी किती चढलं ते पुलावरून वाकून बघायला. पुणेकराचं मुठेशी नातं साधारण एवढंच. टेकडीवर आपण जातो, नदीवरून आपण जातो. एका उकाराचा आणि एका अक्षराचा फरक, पण सगळं त्यातच आलं.

तर डिसेंबरच्या एका सकाळी साडेसहाला मी नदीपात्रातल्या रस्त्याला लागले. खोटं कशाला सांगू, पहिले आठ दिवस वैतागात गेले. एका बाजूला पार्क केलेल्या गाड्या, दुसऱ्या बाजूला राडारोड्याचे ढीग, निर्माल्याच्या फुगलेल्या प्लास्टिक पिशव्या, आणि मध्ये ती, काळसर, जागच्या जागी उभी असल्यासारखी. वास तर होताच. पण वासाचंही एक वेळापत्रक असतं हे लवकरच कळलं. थंडीत तो खाली बसून राहतो आणि ऊन तापलं की उठतो. त्यामुळे आठच्या आत घरी परतायचं. टेकडीच्या लोकांना असलं काही ठाऊक असायचं कारण नाही.

नवव्या का दहाव्या दिवशी शेकाट्या पक्षी दिसले. गुडघाभर पाण्यात, लांब लालगुलाबी पायांवर उभे, काठ्यांवर चढलेल्या पोरांसारखे. वीसेक तरी असतील. चिखलात चोच खुपसत, पाय उचलून पुन्हा अलगद ठेवत होते. गुडघेदुखीच्या बाईने अशा पायांकडे किती वेळ बघावं याला काही मर्यादा असते, पण मी बघत राहिले. त्यांना आपल्या घाणीचं काही वाटत नाही, उलट उथळ गाळात त्यांच्या पोटापाण्याची सोय होते. ढोकरी तर काठाच्या दगडासारखीच बसलेली असते, उडाली की पांढरे पंख उघडतात आणि मग कळतं की दगड नव्हता. धोबी शेपट्या हलवत सिमेंटच्या कठड्यावरून पळतात. ते ऑक्टोबरच्या सुमाराला उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा लागायच्या आत जातात. टिटवी मात्र बारा महिन्यांची, आणि बारा महिने कुणावर तरी चिडलेली.

हळूहळू माझं अंतर वाढलं. एक दिवस पुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल करत ओंकारेश्वरापर्यंत. एक दिवस वरच्या अंगाला, राजाराम पुलाकडे आणि तिथून विठ्ठलवाडीला. विठ्ठलवाडीकडची बाजू मला जास्त आवडते. तिकडे अजून थोडा काठ शिल्लक आहे. काठ म्हणजे भिंत नव्हे. माती, मुळं, उतार, चिखल, असं सगळं हळूहळू पाण्यात उतरत जातं तो. उंबर आहेत, करंज आहेत, आणि मधूनच वाळुंज. वाळुंज हे आपल्याकडचं विलो. परदेशी चित्रांत नदीवर फांद्या सोडून उभं असतं त्याच घराण्यातलं, फक्त आपलं जरा कमी नखरेल. त्याला पाय पाण्यात लागतात, आणि त्याची मुळं काठची माती धरून ठेवतात. या झाडाच्या नावाची गावं आहेत, आडनाव आहे, आणि झाड समोर आलं तर ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मीही साठीला पोचेपर्यंत ओळखत नव्हते.

विठ्ठलवाडीच्या देवळाशी बसलं की एक विचार दर वेळी येतो. आषाढीला इथं मोठी रांग लागते. ज्याला पंढरपूरला जायला जमत नाही तो इथं येतो. पण देवळाखालून वाहणारं पाणी मात्र खरोखरच पंढरपूरला जातं. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि भीमा उजनीतून पुढे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा होते. आपण पालखीच्या दिवशी रस्त्यावर उभं राहून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू देतो, आणि वर्षभर त्यांच्या अंघोळीच्या पाण्यात काय काय पाठवतो याचा हिशेब ठेवत नाही. मोठा पाऊस झाला की ओढ्यानाल्यांचं सगळं खाली जातं. "नदी स्वच्छ झाली," असं आपण पुलावरून म्हणतो.

*

नदीत पाणी का नसतं, हे मला एका काकांनी समजावलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, हातात काठी आणि डोक्यावर कानटोपी. रोज म्हात्रे पुलाखाली भेटायचे. मी एकदा सहज म्हटलं, "काका, नदी अगदीच आटलीय हो."

"आटली नाही, वहिनी. तुमच्या टाकीत आहे."

मुठेचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत अडतं. चारही भरली की मिळून २९ टीएमसीच्या, म्हणजे २९ अब्ज घनफुटांच्या, थोडं वर. तिथून ते कालव्यातून शेतीला जातं आणि जलवाहिन्यांतून आपल्या नळाला येतं. मग आपली अंघोळ, भांडी, संडास करून जे उरतं त्यातलं पुष्कळसं नाल्यांतून नदीत येतं. म्हणजे पावसाळा सोडला तर पुलाखाली जे दिसतं ती नदी आधी आपल्या घरातून जाऊन आलेली असते. काकांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की घरी येऊन मी भांड्याच्या साबणाची बाटली उलटी करून वाचली.

तसं बघितलं तर पेशव्यांचं पुणंही मुठेच्या काठावर राहून तिच्या भरवशावर नव्हतं. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळ आणून पेठांमधले हौद भरले गेले. नदी होती धुण्याला, घाटांवरच्या क्रियाकर्माला, आणि वाट अडवायला. ओंकारेश्वराचं देऊळ १७३०च्या दशकातलं. शेजारी चिमाजी आप्पांची समाधी आहे. वसई जिंकून दीड वर्ष झालं आणि माणूस गेला, १७४० साली. समाधीवर कुणी फारसं थांबत नाही. देवळात शिरताना लोक चपला तिथल्या आसपासच काढतात आणि गाडीच्या किल्ल्या चाचपत आत जातात.

लकडी पूल १७६१चा. पानिपतावरून हरून येणाऱ्या फौजेसाठी नानासाहेबांनी लाकडाचा पूल घाईने बांधवला, असं सांगतात. लाकूड कधीच गेलं, नाव राहिलं. नंतर संभाजी पूल हे नावही दिलं गेलं, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते लकडी पूलच. या पुलाखालून चालताना मला नेहमी पुढचं साल आठवतं. १७६१ नंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

*

आता सासूबाईंचं सांगायला हवं.

त्या १९६० साली लग्न होऊन नारायण पेठेत आल्या. नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात वाडा होता. वाड्यात सात बिऱ्हाडं आणि सामाईक नळ. १२ जुलै १९६१ हा बुधवार. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं, ते सकाळी फुटलं. तो लोंढा खडकवासल्यात आला आणि दुपारपर्यंत तेही धरण फुटलं. पुण्यात बातमी आधी अफवा म्हणून पोचली. माणसं पाणी बघायला पुलांवर गेली. सासऱ्यांचे धाकटे भाऊही गेले होते. ते धापा टाकत परत आले आणि "निघा" एवढंच म्हणाले.

सासूबाई सांगायच्या, "पाणी समोरून नाही आलं गं. मोरीतून आलं." हे त्या इतक्या वेळा सांगायच्या की मला त्या वाड्यातली कधी न पाहिलेली मोरी पाठ झाली आहे. आधी मोरीच्या भोकातून बुडबुडे, मग काळं पाणी, मग चूल विझल्याचा आवाज. अंगावरच्या साडीनिशी, एका हातात देवघरातला बाळकृष्ण आणि दुसऱ्या हातात, कसा कोण जाणे, पोह्यांचा डबा घेऊन त्या सदाशिव पेठेत वरच्या अंगाला एका नातलगांच्या माडीवर पोचल्या. तिथून त्यांनी वाडे बसताना बघितले. कोसळताना नाही, बसताना. मातीच्या भिंती खालून विरघळतात आणि छप्पर सावकाश खाली येतं, तसे.

पाणी ओसरल्यावर ओंकारेश्वर जागच्या जागी उभं होतं. वाडा नव्हता. गाळ उपसताना सासऱ्यांना पाटा सापडला, अखंड, चिरासुद्धा गेली नव्हती. वरवंटा सापडला नाही. "एवढा जड पाटा राहिला आणि वरवंटा गेला," सासूबाई म्हणायच्या, "गोल होता ना, गडगडत गेला." पुढे त्यांनी बाजारातून दुसरा आणला, पण तो त्या पाट्यावर कधी नीट बसला नाही. मध्ये फट राहायची आणि चटणीत खोबऱ्याचे तुकडे लागायचे. आम्हाला ती तशीच आवडायची. मिक्सरमधली चटणी फार गुळगुळीत होते असं माझा नवरा अजून म्हणतो, त्याचं कारण हे.

काही आठवडे शाळेत काढल्यावर पूरग्रस्तांना शहराच्या त्या वेळच्या बाहेरच्या बाजूला जागा मिळाल्या. आमच्या घरच्यांना गोखलेनगरला, पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांत. उन्हाळ्यात आत पापड वाळत, पावसाळ्यात बोललेलं ऐकू येत नसे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी काय केलं, तर सामान तसंच टाकून त्या मागच्या टेकडीवर चढल्या. पाणी इथवर येणार नाही ना, ते बघायला.

तेव्हापासून रोज. टेकडी त्या वेळी बोडकी होती. गवत, खडक आणि चरणारी गुरं. वर वेताळाच्या देवळापर्यंत जायचं, शेंदूर लावलेल्या दगडाला हात जोडायचे आणि बसायचं. मी त्यांच्याबरोबर जायला लागले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण विचारावं असं वाटलं नाही. बाकीचे लोक पुण्याकडे तोंड करून बसत. पर्वती दाखव, शनिवारवाडा कुठे ते शोध, असं चाले. सासूबाई कायम पाषाणच्या बाजूला तोंड करून बसायच्या. नदी त्यांच्या पाठीमागे असायची.

*

२०२४चा पावसाळा जोराचा होता. २५ जुलैला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं. भिडे पूल पाण्याखाली गेला. पण तो दर वर्षीच जातो, ती पुण्याची पावसाळ्यातली ठरलेली बातमी आहे. माझं नदीवरचं चालणं अर्थातच थांबलं. काका फोनवर म्हणाले, "वहिनी, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. २८ लिटर. तुमच्या दोन बादल्या. आता टीव्हीवर आकडा सांगतील त्याला दोनने गुणा आणि बादल्या डोळ्यासमोर आणा." मी आणल्या. मग त्या मोरीतल्या बुडबुड्यांवर जाऊन थांबल्या.

दोन आठवडे घरात बसून पाय आखडले. शेवटी मी एक असं काम केलं जे टेकडीवाल्यांत सांगायची सोय नाही: रिक्षा करून टेकडीवर गेले. पौड फाट्याकडून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता चढतो. तिथं उतरलं की वरचं पठार जवळजवळ सपाट आहे. डॉक्टरांचा शब्दही मोडत नाही. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "चालायला आलात?" "हो." "रिक्षाने?" पुढे तो काही बोलला नाही, पण सुट्टे पैसे परत देताना जरा जास्तच प्रेमाने दिले.

वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे खालच्या शहराहून सव्वादोनशे-अडीचशे मीटर उंच. चढत जाणाऱ्या माणसाला माथा हे उत्तर असतं. घाम, दम, देऊळ, संपलं. मला पहिल्यांदाच माथ्यावर कसलीही घाई नव्हती. सावकाश चालले की किती दिसतं! तीस वर्षं मी ज्याला नुसतं "गवत" म्हणत होते त्यात पांढरी मुसळी होती, केना होता, बांधासारख्या दगडी रांगेला धरून कळलावी वर चढत होती, तिच्या पाकळ्या ज्वाळांसारख्या उलट्या फिरलेल्या. एका सालईच्या खोडाचा पापुद्रा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. खाणीत पाणी साठलं होतं, हिरवट, निश्चल. पलीकडे मोर ओरडला आणि त्याचा आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून दोनदा आला.

गिरिपुष्पाविषयी माझं मत मात्र बदललेलं नाही. बोडक्या टेकड्या झटपट हिरव्या व्हाव्यात म्हणून वनखात्याने ते लावलं, आणि ते झटपट वाढलं. फेब्रुवारीत गुलाबी फुललं की लोक फोटो काढतात. पण त्या रानात उभं राहून कान द्या. शांत असतं. रानातली शांतता नव्हे, रिकाम्या घरातली. त्याला उंदीरमारीही म्हणतात, यावरून काय ते समजा. पन्नास पावलांवर जुन्या मोई-मेडशिंगीच्या तुकड्यात शिरलं की सातभाईंची भांडणं सुरू झालेली असतात.

पाऊस भुरभुरत होता तो जोरात आला. मी देवळाच्या अलीकडे पायवाटेवर छत्री धरून उभी राहिले. पायाशी पाणी साचलं, भरलं, आणि वाहायला लागलं. आणि मग दिसलं. वाटेच्या एका कडेने पाण्याची बोटभर धार पुण्याच्या बाजूला निघाली, आणि दीड हातावरून दुसरी धार पाषाणच्या बाजूला. मध्ये माझ्या बुटाएवढा उंचवटा. त्या उंचवट्यावर पडणारा थेंब कुणीकडे जाईल हे वारा ठरवत होता.

घरी आल्यावर काकांना फोन लावला. ते खूश झाले. निवृत्त माणसाला खात्यातलं काही कुणी विचारलं की होतात तसे. पुण्याच्या बाजूचं पाणी एरंडवण्यातून, कोथरूडमधून ओढ्यांनी मुठेला जातं. पाषाणच्या बाजूचं रामनदीला, आणि रामनदी औंधला मुळेला मिळते.

"आणि मुळा?"

"मुळा संगमावर मुठेला मिळते, वहिनी. पुण्यात राहून हे विचारता?"

*

मग नाद लागला. पावसाळा सरल्यावर मी त्या बोटभर धारेच्या मागे लागले. पुण्याच्या बाजूचा ओढा टेकडीच्या पायथ्याशी सापडतो, चांगला झाडीतून, दगडांवरून येतो; खाली सोसायट्यांच्या कुंपणाशी आला की हरवतो. मी दोन वॉचमनना विचारलं. पहिल्याने सांगितलं असला ओढा नाही. दुसऱ्याने पायाखालच्या लोखंडी जाळीकडे बोट दाखवलं. पाणी खाली होतं, आवाज येत होता. त्याच्यावर पार्किंग होतं, चार गाड्या आणि एक तुळशी वृंदावन. ओढ्याला रस्ता न ठेवल्यावर काय होतं ते २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याने दाखवलं आहे; वीसहून अधिक माणसं गेली होती. पण जाळी चांगली मजबूत होती, हे मात्र सांगायला हवं. वॉचमनने तिच्यावर उड्या मारून दाखवल्या.

पाषाणच्या बाजूची धार बरी सापडली. सोमेश्वरवाडीला सोमेश्वराच्या देवळामागून रामनदी जाते. रविवारी सकाळी तिथं मोठ्या झाडांची सावली असते आणि दगडी प्रांगणात अनवाणी चालता येतं. नदी म्हणावं एवढी ती मोठी नाही. उडी मारायचं वय असतं तर मी मारली असती. पाण्याकडे बघू नये, झाडांकडे बघावं, असं तिथल्या एका बाईंनी मला प्रामाणिकपणे सुचवलं. मी दोन्हीकडे बघितलं. खंड्या होता, काठच्या तारेवर. त्याचं निळं पाहिल्यावर पाण्याचा रंग विसरायला होतं.

राहिला संगम. तिथं जायला मेट्रो फार सोयीची. गरवारे कॉलेजला चढायचं आणि सिव्हिल कोर्टला उतरायचं. मध्ये गाडी नदीच्या काठाकाठाने, खांबांवरून जाते, आणि ज्या रस्त्यावर मी वर्षभर चालत होते तो वरून दिसतो. वरून सगळं स्वच्छ दिसतं, हे मेट्रोचं एक आहेच. शेजारच्या मुलीने खिडकीतून खाली बघत मैत्रिणीला विचारलं, "ही कुठली नदी गं?" मैत्रीण म्हणाली, "तीच ती, भिडे पूलवाली."

संगमाच्या घाटावर मी थंडीत पोचले, नवऱ्याला घेऊन. तो कुरकुरत आला होता, पण पायऱ्यांवर बसल्यावर गप्प झाला. उजवीकडून मुठा येते, समोरून मुळा. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाच्या होड्या पाण्यावर होत्या; त्यांची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ सालापासून चालत आली आहे. शिस्तीत वल्ही मारणारी मुलं, आणि वल्ह्यात अडकलेली जलपर्णी सोडवणारा एक. रेल्वेच्या पुलावरून गाडी गेली. पुढे बंडगार्डनकडे नदीकाठ सुधारण्याचं काम चालू आहे. चालायला लांबलचक सपाट रस्ते होणार म्हणतात. माझ्यासारख्या गुडघ्यांसाठी चांगलंच ते. पण भिंत बांधलेल्या काठावर वाळुंज कुठे पाय बुडवणार, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

मी नवऱ्याला बोट दाखवलं. "हे पाणी आपल्या बाजूचं. आणि ते पाषाणच्या बाजूचं. आई ज्या बाजूला तोंड करून बसायच्या ना, तिकडचं."

तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे तेही इथंच येतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "तिला माहीत होतं का गं?"

आईच्या बाबतीतल्या प्रश्नांना माझ्याकडून उत्तर घ्यायची त्याला सवय आहे. या वेळी माझ्याकडे नव्हतं.

पाणी उतरलं होतं. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली गोटे उघडे पडले होते, काळ्या बसाल्टचे, घासून घासून गुळगुळीत झालेले. त्यात एक लांबट गोल होता, दोन्ही टोकांना किंचित निमुळता. हे मला नदीवर यायला लागल्यापासून जडलं आहे. विठ्ठलवाडीला होतं, ओंकारेश्वरापाशी होतं. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांत गडगडत किती लांब गेला असेल, भीमेत असेल, की पुलाच्या पायात कुणी भरून टाकला असेल. तरी मी एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि गुडघा परवानगी देईल तेवढी वाकले.

"तो नाही," नवरा म्हणाला. "आपला आखूड होता."